दत्तक प्रौढ कुत्र्यांमधील घरातील मूत्रविसर्जन

पाळीव कुत्र्याने ठरलेल्या जागेऐवजी घरातील फरशीवर, अंथरुणावर, पायपुसण्यावर किंवा सामानावर लघवी करणे यास घरातील मूत्रविसर्जन म्हणतात. निवारागृहातून, रस्त्यावरून किंवा दुसऱ्या कुटुंबाकडून दत्तक घेतलेल्या प्रौढ कुत्र्यांच्या बाबतीत, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, ही तक्रार वारंवार आढळते. हा स्वतंत्र आजार नव्हे. अनेक कारणांतून उद्भवणारे ते एक लक्षण आहे. या कारणांचे ढोबळमानाने तीन गट पडतात : शारीरिक विकार, घरात राहण्याच्या शिक्षणाचा अभाव, आणि भीती, ताण किंवा गंधखुणा करण्याची प्रवृत्ती. एकाच कुत्र्यात यांपैकी एकाहून अधिक कारणे असू शकतात. म्हणून आधी पशुवैद्यकीय तपासणी आणि त्यानंतर शिक्षण, असा क्रम पाळला जातो. ओरडण्याने किंवा मारण्याने ही सवय सुटत नाही, उलट ती बळावते.

कुत्रा परत केला जाण्यामागे किंवा सोडून दिला जाण्यामागे ही समस्या अनेकदा असते. १९९० च्या दशकात अमेरिकेत निवारागृहांविषयी झालेल्या अभ्यासांत, मालकाने कुत्रा सोडण्याशी निगडित कारणांमध्ये घरात मलमूत्र करण्याची गणना झाली होती. बहुसंख्य प्रकरणांत ही समस्या बरी होणारी किंवा आटोक्यात येणारी असल्याने कारणाचा वेळीच शोध घेण्याला महत्त्व आहे.

शरीरक्रिया आणि नैसर्गिक सवयी

मूत्रपिंडांत तयार झालेले मूत्र दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात साठते आणि मूत्रमार्गावाटे बाहेर पडते. मूत्राशय भरत असताना त्याची भिंत सैल राहते आणि मूत्रमार्गाचे झडपेसारखे काम करणारे स्नायू आवळलेले असतात. लघवी करताना ही स्थिती उलट होते. या क्रियेचे नियंत्रण मेंदू, मज्जारज्जू आणि ओटीपोटातील चेता करतात. यांपैकी कोणत्याही भागाला इजा झाल्यास लघवीवरील ताबा सुटू शकतो.

निरोगी कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारणतः २० ते ४० मिलिलिटर लघवी होते. १५ किलो वजनाच्या कुत्र्यासाठी हे प्रमाण ३०० ते ६०० मिलिलिटर भरते. प्रौढ कुत्रा दिवसातून बहुधा तीन ते पाच वेळा लघवी करतो. शिकवलेला निरोगी कुत्रा काही तास लघवी रोखू शकतो, परंतु रोज दहा-बारा तास कोंडून ठेवल्यास शिकवलेल्या कुत्र्याचाही नाइलाज होतो.

जन्मानंतर पहिले सुमारे तीन आठवडे पिल्लांना स्वतःहून मलमूत्र विसर्जन करता येत नाही. आई चाटून त्यांना ते करण्यास प्रवृत्त करते. चालता येऊ लागल्यावर पिल्ले झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन लघवी करू लागतात. झोपण्याची जागा कोरडी ठेवण्याची ही उपजत प्रवृत्ती घरातील शिक्षणाचा पाया असते. याच वयात पायाखालच्या पृष्ठभागाची आवडही जडते. माती, गवत, सिमेंट किंवा वर्तमानपत्र यांपैकी ज्यावर लघवी करण्याची सवय लागते, तसाच पृष्ठभाग कुत्रा पुढेही शोधतो.

कुत्र्यांच्या दृष्टीने लघवी हे संदेशवहनाचेही साधन आहे. तिच्या गंधावरून दुसऱ्या कुत्र्याचे लिंग, माजाची अवस्था आणि ओळख यांविषयी माहिती मिळते. खांब, झाड किंवा वाहनाचे चाक यांवर थोडी थोडी लघवी करण्याला गंधखुणा करणे म्हणतात. नर प्रामुख्याने पाय वर करून अशा खुणा करतात. काही माद्याही त्या करतात.

दत्तक प्रौढ कुत्र्यांची परिस्थिती

प्रौढ कुत्रा नव्या घरात येतो तेव्हा तो आपल्या जुन्या सवयी घेऊन आलेला असतो. त्याचे पूर्वायुष्य कळल्यास समस्येचा उलगडा बऱ्याच अंशी होतो.

रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला ‘घर’ ही संकल्पनाच परिचित नसते. माती, रस्त्याची कडा आणि खांब ही त्याची लघवीची ठिकाणे असतात. दिवाणखान्यातील फरशी आणि बाहेरची फरसबंदी यांतील फरक त्याला कोणी दाखवलेला नसतो. मात्र असा कुत्रा मोकळ्या जागेत लघवी करण्यास सरावलेला असल्याने बाहेर नेण्याचे वेळापत्रक नीट पाळल्यास तो बहुधा लवकर शिकतो.

दीर्घकाळ पिंजऱ्यात राहिलेल्या कुत्र्याची स्थिती याहून कठीण असते. खाणे, झोपणे आणि मलमूत्र एकाच जागी करावे लागल्याने झोपण्याची जागा कोरडी ठेवण्याची त्याची उपजत प्रवृत्ती बोथट झालेली असते. केवळ पिल्ले मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे पिंजऱ्यात ठेवलेल्या माद्यांमध्ये हे विशेषत्वाने दिसते. त्यांना शिकण्यास अधिक काळ लागतो.

दुसऱ्या कुटुंबाकडून आलेला कुत्रा शिकवलेला असू शकतो, पण नव्या घराचे दार, बाहेर जाण्याच्या वेळा आणि ‘मला जायचे आहे’ हे कोणाला व कसे सांगायचे, यांची त्याला माहिती नसते. काही कुत्रे गळ्यात पट्टा आणि शेजारी अनोळखी माणूस असताना लघवी करण्यास बिचकतात. ते तासभर फिरून कोरडेच परततात आणि घरात पाऊल टाकताच लघवी करतात. बाहेर सुरक्षित न वाटल्याने त्यांनी ती रोखून धरलेली असते.

शारीरिक कारणे

पूर्वी व्यवस्थित असलेल्या कुत्र्याने अचानक घरात लघवी करण्यास सुरुवात केल्यास शारीरिक कारणाची शंका प्रथम घेतली जाते.

मूत्राशयाचा जंतुसंसर्ग : हा माद्यांमध्ये अधिक आढळतो. कुत्रा पुन्हा पुन्हा, थोडी थोडी लघवी करतो. कधी ती रक्तमिश्रित असते. ई. कोलाय हा याचा सर्वांत सामान्य जीवाणू आहे.

मूत्रखडे : स्ट्रुव्हाइट आणि कॅल्शियम ऑक्झलेट हे खड्यांचे मुख्य प्रकार होत. डॅलमेशियन जातीत युरेट खड्यांचे प्रमाण अधिक असते. नराच्या अरुंद मूत्रमार्गात खडा अडकल्यास लघवी पूर्णपणे बंद होऊ शकते.

लघवीचे प्रमाण वाढवणारे विकार : मधुमेह, मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार, अधिवृक्क ग्रंथींच्या अतिकार्यामुळे होणारा कुशिंग विकार आणि निर्बीजीकरण न झालेल्या मादीच्या गर्भाशयात पू होणे, या विकारांत कुत्रा फार पाणी पितो व त्याला फार लघवी होते. प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडे, लघवी वाढवणारी औषधे आणि फिट्सवर दिले जाणारे फिनोबार्बिटल यांमुळेही असे घडते.

मूत्रमार्गाची शिथिलता : निर्बीजीकरण झालेल्या काही माद्यांमध्ये शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी ते काही वर्षांनी मूत्रमार्गाची आवळण्याची क्षमता घटते. मादी झोपेत असताना किंवा आडवी पडली असताना लघवी झिरपते व उठल्यावर खाली ओल आढळते. ही मादी लघवी ‘करत’ नसते. ती तिच्या नकळत होत असते. मोठ्या चणीच्या माद्यांमध्ये हा धोका अधिक असतो.

मज्जारज्जूची इजा : वाहनाची धडक बसलेल्या रस्त्यावरील कुत्र्यांमध्ये मूत्राशयाच्या चेता दुखावलेल्या असतात. त्यामुळे लघवी सतत गळते किंवा मूत्राशय तुडुंब भरूनही ती नीट होत नाही.

वार्धक्य : सांधेदुखीमुळे जिना उतरणे अवघड होते. वृद्धापकाळी मेंदूचे कार्य मंदावल्यास कुत्रा शिकलेले विसरतो, रात्री घरभर फिरतो आणि कोपऱ्यात लघवी करतो.

भारतात रस्त्यावरून घेतलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत आणखी दोन विकार ध्यानात घ्यावे लागतात. संभोगातून पसरणाऱ्या जननेंद्रियाच्या अर्बुदात रक्ताचे थेंब पडतात व ते लघवीतील रक्त समजले जाते. या अर्बुदावर व्हिन्क्रिस्टिन हे औषध सामान्यतः गुणकारी ठरते. दुसरा विकार गोचिडांमार्फत होणारा बबेसियोसिस हा होय. त्यात तांबड्या पेशी फुटून लघवी काळ्या चहासारखी दिसू शकते; सोबत ताप, अशक्तपणा आणि फिकट हिरड्या आढळतात.

वर्तनविषयक कारणे

शारीरिक विकार नसल्याचे निश्चित झाल्यावर लघवीची जागा, प्रमाण, वेळ आणि कुत्र्याची शरीरस्थिती यांवरून पुढील प्रकार ओळखता येतात.

अपुरे शिक्षण : आडव्या पृष्ठभागावर, पुरेशा प्रमाणात आणि बहुधा ठरावीक कोपऱ्यांत लघवी केली जाते. घरात माणसे असोत वा नसोत, हे घडते.

गंधखुणा : दाराची चौकट, सोफ्याचा पाय, पडदा, पाहुण्यांची पिशवी अशा उभ्या किंवा नव्याने आलेल्या वस्तूंवर अल्प लघवी केली जाते. घरात दुसरा कुत्रा असल्यास किंवा खिडकीतून बाहेरचे कुत्रे दिसत असल्यास हे प्रमाण वाढते.

शरणागतीची लघवी : कोणी अंगावर वाकले, डोक्यावरून हात नेला, आवाज चढवला किंवा रोखून पाहिले की कुत्रा कान मागे घेतो, अंग चोरतो, कधी उताणा होतो आणि त्याची लघवी होते. कुत्र्यांच्या भाषेत ही ‘मला इजा करू नका’ अशी विनवणी असते.

उत्तेजनेची लघवी : घरातील माणूस परतल्यावर किंवा खेळताना, आनंदाच्या भरात लघवी होते. तरुण कुत्र्यांत हे अधिक दिसते.

एकटेपणाची भीती : माणसे बाहेर पडल्यावर, बहुधा पहिल्या अर्ध्या तासात, कुत्रा भुंकतो, रडतो, दार ओरबाडतो, लाळ गाळतो आणि लघवी करतो. घरात माणूस असताना हे घडत नाही. आधीचे घर सुटलेल्या कुत्र्यांमध्ये ही भीती असू शकते.

आवाजाची भीती : फटाके, मेघगर्जना, मिरवणुकीतील ढोल-ताशे किंवा घरबांधणीचे आवाज यांमुळे लघवी होते किंवा कुत्रा बाहेर पाऊल टाकण्यासच नकार देतो.

निदान

घरात केलेली नोंद निदानाला मोठी मदत करते. एका वहीत तारीख, वेळ, जागा, लघवीचे अंदाजे प्रमाण, रंग, त्या आधी काय घडले आणि कुत्रा जागा होता की झोपलेला, हे लिहिले जाते. आठवडाभराच्या नोंदीतून बहुतेक वेळा एक आकृतिबंध दिसू लागतो. माणसे घरात नसताना काय घडते हे पाहण्यासाठी मोबाइलचा कॅमेरा लावून ठेवता येतो.

पाण्याचे मोजमापही सोपे आहे. भांड्यात मोजून पाणी भरावे व २४ तासांनी उरलेले मोजून वजा करावे. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिलिटरहून अधिक, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याने दीड लिटरहून अधिक पाणी पिणे हे विकाराचे लक्षण मानले जाते. घरात लघवी होते म्हणून पाणी तोडणे मात्र धोकादायक आहे. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असलेला कुत्रा त्यामुळे काही तासांत गंभीर होऊ शकतो.

पशुवैद्यक मूत्रतपासणीपासून सुरुवात करतात. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या भांड्यात धरून लवकरात लवकर द्यावी लागते. तिचे विशिष्ट गुरुत्व मूत्रपिंडांची क्षमता दाखवते : १.०३० हून अधिक गुरुत्वाची लघवी पुरेशी घट्ट समजली जाते, तर ते सतत १.००८ ते १.०१२ दरम्यान राहिल्यास पुढील तपासण्या आवश्यक ठरतात. साखर, प्रथिने, रक्त, स्फटिक आणि जीवाणू यांचीही तपासणी होते. जीवाणूंच्या संवर्धनासाठी पशुवैद्यक सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतात, कारण जमिनीवरून किंवा भांड्यात धरलेल्या लघवीत बाहेरचे जंतू मिसळतात. गरजेनुसार रक्ततपासणी, क्ष-किरण आणि सोनोग्राफी केली जाते. महाराष्ट्रात महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत; त्यांना जोडून पशुचिकित्सालयेही चालतात.

पुढील लक्षणे दिसल्यास वाट न पाहता पशुवैद्यकाकडे नेणे आवश्यक असते :

• कुत्रा, विशेषतः नर, लघवीसाठी जोर करतो पण थेंबच पडतात किंवा काहीच येत नाही. मूत्रमार्ग बंद झाल्यास एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.
• निर्बीजीकरण न झालेली मादी माजानंतरच्या काही आठवड्यांत सुस्त होते, खाणे सोडते, फार पाणी पिते किंवा तिच्या योनीतून स्राव येतो.
• लघवीत रक्त दिसते किंवा ती काळपट होते.
• लघवी गळण्यासोबत मागचे पाय लटपटतात.
• लघवीच्या तक्रारीसोबत उलट्या, ताप किंवा कावीळ आढळते.

वैद्यकीय उपचार

उपचार मूळ कारणानुसार ठरतात. जंतुसंसर्गावर प्रतिजैविके दिली जातात; ती सांगितलेल्या मुदतीपर्यंत द्यावी लागतात आणि जुन्या औषधाचा उरलेला भाग स्वतःहून देणे टाळावे लागते. लघवीत केवळ जीवाणू आढळले पण त्रास काहीच नसला, तर बहुधा प्रतिजैविक दिले जात नाही. स्ट्रुव्हाइट खडे विशेष आहाराने व संसर्गाच्या उपचाराने विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे विरघळत नसल्याने ते काढावे लागतात. मूत्रमार्गाच्या शिथिलतेवर फिनाइलप्रोपॅनोलामिन किंवा एस्ट्रिऑल ही औषधे पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली दिली जातात व अनेक माद्यांमध्ये त्यांचा चांगला उपयोग होतो. गर्भाशयातील पुवावर शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार होय. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांसारखी माणसांची वेदनाशामके कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. म्हणून घरच्या औषधपेटीतील गोळ्या देऊ नयेत.

आजार बरा झाल्यावरही काही कुत्रे घरात लघवी करत राहतात. आजारपणात घरातील जागेची सवय लागलेली असते व तेथील गंध उरलेला असतो. अशा वेळी शिक्षण नव्याने सुरू करावे लागते.

घरातील शिक्षण

प्रौढ कुत्र्याचे शिक्षण पिल्लाप्रमाणेच होते; मात्र प्रौढाचे मूत्राशय मोठे व ताबा चांगला असल्याने प्रगती अनेकदा अधिक जलद असते. शिक्षणाचे सूत्र असे : चुकीची संधी मिळू द्यायची नाही आणि योग्य कृतीचे फळ तत्काळ द्यायचे.

वेळापत्रक : सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी बाहेर नेले जाते. त्याखेरीज झोपेतून उठल्याबरोबर, जेवणानंतर, खेळानंतर आणि रात्री निजण्यापूर्वी नेणे अगत्याचे असते. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असल्या की विसर्जनाच्या वेळाही ठरू लागतात.

जागा आणि शब्द : रोज त्याच वाटेने त्याच जागी नेऊन शांतपणे उभे राहावे. कुत्रा लघवी करू लागल्यावर ‘शू कर’ असा एकच शब्दप्रयोग हलक्या आवाजात उच्चारावा. काही दिवसांनी कुत्रा त्या शब्दाचा कृतीशी संबंध जोडतो.

बक्षीस : लघवी संपताच, त्याच जागी, दोन-तीन सेकंदांत उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा चण्याएवढा तुकडा दिला जातो. घरी परतल्यावर दिलेला खाऊ घरी परतण्याचे बक्षीस ठरतो, लघवीचे नव्हे. लघवी झाल्याबरोबर फेरी संपवू नये. तसे केल्यास फिरणे लांबवण्यासाठी कुत्रा लघवी रोखून धरण्यास शिकतो.

देखरेख : पहिले काही आठवडे कुत्रा नजरेआड होणार नाही अशी व्यवस्था केली जाते. सर्व खोल्या एकदम मोकळ्या न करता एका खोलीपासून सुरुवात होते. जमीन हुंगणे, गोल फिरणे, एकाएकी खेळ सोडून कोपऱ्याकडे किंवा दाराकडे जाणे ही लघवीची पूर्वचिन्हे होत. लक्ष देणे शक्य नसेल तेव्हा कुत्र्याला मर्यादित, आरामशीर जागेत ठेवतात. पिंजऱ्याची भीती असलेल्या किंवा पिंजऱ्यातच घाण करण्याची सवय लागलेल्या कुत्र्यासाठी पिंजरा हे साधन अयोग्य असते.

प्रत्यक्ष करताना दिसल्यास : टाळी वाजवून किंवा हाक मारून हलकेच लक्ष वेधावे आणि बाहेर न्यावे. उरलेली लघवी बाहेर केल्यास बक्षीस द्यावे. लघवी करून झाल्यानंतर ती दिसली, तर न बोलता पुसून घेणे एवढेच करण्याजोगे असते.

कुत्रा बाहेर लघवी न करता परतला, तर त्याला मोकळे न सोडता जवळ बांधून ठेवावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा न्यावे. किमान महिनाभर घर कोरडे राहिल्यावर एकेक खोली खुली केली जाते. अधूनमधून चूक घडणे अपेक्षित असते. त्यावरून शिक्षण फसले असे ठरत नाही.

विशिष्ट प्रकारांचे व्यवस्थापन

गंधखुणांसाठी निर्बीजीकरणाचा विचार केला जातो. त्यामुळे अनेक नरांमध्ये ही सवय कमी होते, मात्र सर्वांमध्ये ती पूर्णपणे थांबत नाही. महानगरपालिकेच्या किंवा प्राणिकल्याण संस्थांच्या मोहिमेत निर्बीजीकरण झालेल्या रस्त्यावरील कुत्र्याच्या कानाला ओळखीसाठी छेद दिलेला असतो. त्यामुळे दत्तक घेताना हे सहज कळते. याशिवाय जुन्या खुणा धुणे, पाहुण्यांचे सामान उंचावर ठेवणे आणि बाहेरचे कुत्रे दिसणारी खिडकी झाकणे उपयोगी पडते.

शरणागतीच्या लघवीत अंगावर न वाकता बाजूला बसणे, नजर न रोखणे, छातीजवळ किंवा हनुवटीखाली हात लावणे आणि कुत्र्याला स्वतःहून जवळ येऊ देणे हितकर ठरते. ओरडण्याने ही लघवी निश्चित वाढते, कारण तिचे मूळच भीतीत असते. उत्तेजनेच्या लघवीत घरी आल्यावर पहिली काही मिनिटे शांत राहून भेटीचा गाजावाजा टाळला जातो.

एकटेपणाच्या भीतीवर काही सेकंदांपासून सुरुवात करून अनुपस्थितीचा काळ अतिशय हळूहळू वाढवत नेतात. तीव्र स्वरूपात पशुवैद्यक क्लोमिप्रामिन किंवा फ्लुओक्सेटिन यांसारखी औषधे या शिक्षणाच्या जोडीने देतात. वृद्ध कुत्र्यांसाठी फेऱ्या वाढवणे, निसरड्या फरशीवर सतरंज्या अंथरणे व जलशोषक गादी वापरणे हे उपाय योजतात.

शिक्षेचे परिणाम

लघवीत नाक घासणे, वर्तमानपत्राची गुंडाळी मारणे, कोंडून ठेवणे हे प्रकार आजही रूढ आहेत. घटनेनंतर काही मिनिटांनी केलेल्या शिक्षेचा संबंध कुत्रा आपल्या मागील कृतीशी जोडू शकत नाही. तो समोरच्या माणसाशी जोडतो. परिणामी माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे, इतकेच तो शिकतो. मग तो सोफ्याच्या मागे किंवा पलंगाखाली लघवी करतो आणि बाहेर पट्ट्यात असताना, माणूस शेजारी असल्याने, ती रोखून धरतो. म्हणजे शिक्षेमुळे शिक्षणाचा मार्गच बंद होतो.

‘त्याला आपली चूक कळते, चेहराच सांगतो’ असे अनेकदा म्हटले जाते. अमेरिकी संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या समजुतीची तपासणी केली. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला होता की नाही यावर ‘अपराधी’ मुद्रा अवलंबून नव्हती. मालक रागावला की ती दिसत होती. खाऊ न खाल्लेले कुत्रेही रागावल्यावर तशीच मुद्रा करत होते. नजर चुकवणे, कान पाडणे आणि अंग चोरणे ही पश्चात्तापाची नव्हे, तर माणसाच्या रागाला दिलेल्या प्रतिसादाची चिन्हे आहेत, असे त्यातून सूचित होते.

स्वच्छता आणि आरोग्य

माणसाला न येणारा वासही कुत्र्याला येतो व तो वास ‘येथे लघवी करायची’ अशी सूचना देतो. त्यामुळे स्वच्छता हा उपचाराचाच भाग मानला जातो. लघवी प्रथम कापडाने किंवा कागदाने टिपून घ्यावी, पसरवू नये. मग साबण व पाण्याने धुऊन विकरयुक्त स्वच्छक वापरावा. त्यातील विकर गंधकारक घटकांचे विघटन करतात. असा स्वच्छक सूचनेनुसार पुरेसा वेळ ओला राहणे गरजेचे असते. फरशीच्या सांध्यांत मुरलेली लघवी सहज दिसत नाही. अंधारात अतिनील प्रकाशाच्या विजेरीखाली तिचे डाग चमकतात.

फिनाईल वास झाकते, पण लघवीचा गंध पूर्णपणे नाहीसा करत नाही. काही फिनाईलमधील फिनॉलवर्गीय घटक प्राण्यांच्या त्वचेला व पोटात गेल्यास शरीराला अपायकारक असतात. अमोनियायुक्त स्वच्छकाचा वास लघवीशी मिळताजुळता असल्याने तो टाळतात. ताज्या लघवीवर थेट ब्लीच ओतल्यास किंवा ब्लीच व आम्ल एकत्र केल्यास विषारी वायू निर्माण होतात. व्हिनेगर काचबंद टाइल्सवर चालते, परंतु शहाबादी व संगमरवरी फरशी चुनखडीजन्य असल्याने आम्लाने खराब होते.

लेप्टोस्पायरोसिस हा रोग बाधित प्राण्यांच्या लघवीतून माणसांना होऊ शकतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर त्याचा मोठा उद्रेक झाला होता. उंदीर हे त्याचे प्रमुख वाहक असले, तरी कुत्र्यांनाही तो होतो. म्हणून रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याची लघवी हातमोजे घालून पुसणे, हात साबणाने धुणे आणि कुत्र्याला या रोगाची लस देणे इष्ट असते.

महाराष्ट्रातील शहरी परिस्थिती

बहुमजली इमारतीत दारापासून मातीपर्यंतचे अंतर हाच एक अडसर असतो. कुत्र्याने सूचना दिल्यापासून उद्वाहन येईपर्यंत काही मिनिटे जातात. त्यामुळे शिक्षणाच्या काळात सूचनेची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे नेणे श्रेयस्कर असते. जिन्यात किंवा उद्वाहनात लघवी झाल्यास ती लगेच स्वच्छ करण्यासाठी पाण्याची बाटली व फडके सोबत ठेवल्याने शेजाऱ्यांशी होणारे वादही टळतात.

पावसाळ्यात अनेक कुत्रे भिजण्यास नाखूश असतात. वाहनतळाचा आडोसा किंवा गच्चीतील छपराखालची जागा पाऊस सुरू होण्यापूर्वीच ओळखीची करून द्यावी लागते. सज्जात गवताचा किंवा मातीचा पसरट ट्रे ठेवण्याचा पर्यायही वापरतात. दिवाळीत फटाके सुरू होण्याआधी संध्याकाळची फेरी उरकणे आणि पट्टा दुहेरी बांधणे उपयुक्त ठरते.

कायदेशीर तरतुदी

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्यास मारहाण करणे, तसेच उपासमार किंवा तहानेने त्याचे हाल होतील अशा परिस्थितीत वाजवी कारणाविना त्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्रा ठेवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. त्याच वेळी परिसर स्वच्छ राहील याची काळजी पालकांनी घ्यावी, असेही त्यांत अपेक्षित आहे.

गैरसमज

• ‘कुत्रा सूड म्हणून लघवी करतो.’ घरात एकटे ठेवल्यावर अंथरुणावर केलेली लघवी बहुधा भीतीतून येते. माणसाचा गंध असलेली जागा त्याला त्या वेळी जवळची वाटते.
• ‘मोठा कुत्रा शिकत नाही.’ कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच राहते, ही म्हण माणसांच्या स्वभावाविषयी आहे. प्रौढ कुत्रे आयुष्यभर नव्या सवयी शिकू शकतात.
• ‘पाणी कमी दिले की प्रश्न सुटतो.’ त्यामुळे मूळ विकार झाकला जातो आणि निर्जलीकरणाचा धोका उद्भवतो.
• ‘मुकाट राहिल्यास कुत्रा डोक्यावर बसतो.’ न रागावणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. वेळापत्रक, देखरेख आणि बक्षीस हीच येथे शिस्त असते.

हे सुद्धा पहा

• श्वान
• मूत्रसंस्था
• निर्बीजीकरण
• लेप्टोस्पायरोसिस
• भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ